येळवशीचे पाव्हणे

पुण्याचे जावई आणि सैबेरियाची बदकं यांच्यात एक साम्य आहे. दोघंही आमच्या बसवकल्याणला येळवशीच्या आगेमागे येतात. फरक फक्त सामानात. तलवार बदक, थापट्या ही मंडळी हजारो किलोमीटर कापून अंगावरच्या पिसांनिशी येतात. आमचे दाजी पुण्याहून सोलापूरमार्गे डिकी आणि मागची सीट भरून येतात. एक लांब लेन्स, एक त्याहून कमी लांब, त्या दोघींपैकी कुणी रुसलं तर तिसरी, ट्रायपॉड, गुडघ्यांना बांधायच्या गाद्या, ऐन थंडीत पावसाळी कव्हर, आणि एवढं सगळं रचून जागा उरलीच तर आमची ताई.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवं की येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर, धाराशिव, सोलापूर, बीदर, कलबुर्गी एवढ्या मुलखात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याच्या खोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, लक्ष्मीची पूजा करायची आणि मग भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी, गव्हाची खीर असं ओळीनं हाणून, वर लोटाभर आंबील पिऊन झाडाखाली आडवं व्हायचं. पूर्वी दाजी रजा नाही म्हणून हा सण टाळायचे. कॅमेरा घेतल्यापासून तेच दिवाळीत फोन करून विचारतात, "यंदा अमावस्या कधी आहे?"

त्यांचा हंगाम तसा ५ नोव्हेंबरलाच सुरू होतो. तो मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस. १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. मधला आठवडा महाराष्ट्र सरकारनं पक्षी सप्ताह ठरवून टाकलाय. त्या आठवड्यात दाजी चितमपल्लींचा पक्षीकोश उघडून नावं पाठ करतात आणि येळवशीला येऊन ती माझ्यावर घडाघडा म्हणतात. प्रत्यक्ष पक्षी समोर आला की मात्र परिस्थिती बदलते. मातकट रंगाचं काहीतरी ढेकळावरून उडतं. "चंडोल," दाजी म्हणतात. थोड्या वेळानं, "किंवा तीरचिमणी." आणखी थोड्या वेळानं, "घरी गेल्यावर मोठा करून बघू." म्हणजे शेतात आपण काय पाहिलं हे रात्री जेवण झाल्यावर समजतं.

या मोहिमेत माझं पद ठरलेलं आहे. मी मेहुणा, म्हणून ट्रायपॉड माझ्याकडे. शिवाय मी गावचा, म्हणून समोर येणाऱ्या प्रत्येकाला खुलासा करायचं कामही माझ्याकडेच.

खुलासा करावा लागतो तो कपड्यांमुळे. दाजींच्या जाकिटावर पानं छापलेली आहेत. ती कुठल्या झाडाची, हे मला आजवर उमगलेलं नाही. निदान आमच्या तालुक्यात तसं झाड नाही. आमच्याकडे काळी जमीन, तुरीचे पट्टे, करडईची काटेरी रोपं आणि हुरड्यात आलेली ज्वारी. त्यात हे हिरवंगार जाकीट कोसावरून उठून दिसतं. सस्तापूर बंगल्यावर हमरस्त्याला चहा प्यायला थांबलो, तर एक ट्रकवाला अदबीनं बाकड्यावरून उठला आणि म्हणाला, "बैठो साब. छुट्टी पे आये क्या?" दाजींनी नम्रपणे मान हलवली. देशसेवेचा असा मान अनायासे मिळत असेल तर तो नाकारू नये, एवढी समज त्यांना आहे.

गावाला लागूनच त्रिपुरांत तलाव. सकाळी पाण्यावर वाफ असते, आणि त्या वाफेत वारकरी पक्ष्यांचा काळा जमाव, शेकाट्यांचे लालभडक पाय, मध्येच एखादी टिबुकली. टिबुकली हा पक्षी बसवकल्याणात छायाचित्रकारांना नम्रता शिकवण्यासाठी ठेवला असावा. मुठीएवढं पाखरू, पाठीमागून शेपूट छाटल्यागत गोल. दाजी पोटावर झोपतात, कोपरं रुतवतात, श्वास रोखतात. कॅमेरा डोळा शोधतो, हिरवा चौकोन लागतो, आणि त्याच क्षणी टिबुकली खाली जाते. उडी नाही, आवाज नाही. असलेली नसते, एवढंच. दाजी ती जिथं बुडाली तिथं रोखून बसतात. ती वीस हात पलीकडे वर येते. दाजी तिकडं वळतात, ती पुन्हा नाहीशी. त्यांच्याकडे पाण्यावरच्या गोल लाटांचे फार सुरेख फोटो आहेत.

उलट अडचण वंचकाची. हा बगळ्यांतला मातकट, काठाच्या चिखलात मान आखडून तासन्‌तास उभा राहतो. त्याचा फोटो न येणं अशक्य. पण दाजींचा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो काढतो आणि दाजींचं बोट थंडीनं आखडलेलं असतं. त्यामुळे वंचकाचे शेकडो फोटो निघतात, आणि एकातही त्यानं पापणीसुद्धा हलवलेली नसते. रात्री ते सगळे बघून त्यांतले कुठले पुसायचे यावर दाजींचा जीव तुटतो. "हा ठेवू," ते म्हणतात, "यात जरा वेगळा भाव आहे."

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तलावाच्या काठाला बायका धुणं धूत होत्या. धोबी पक्षी, तो पांढरा-काळा, हिवाळ्यापुरता उत्तरेकडून उतरणारा, त्यांच्या पायांत शेपटी वरखाली करत चालला होता. एकीनं धोपाटणं उचललं, दणादणा चादर बडवली, पाण्याचे शिंतोडे त्याच्या अंगावर उडाले. त्यानं एक पाऊल बाजूला टाकलं आणि शेवाळातला किडा उचलला. एवढ्यात पन्नास पावलांवर दाजी गुडघ्यांवर बसले. फक्त बसले. धोबी चिटचिट करत तलाव ओलांडून पार गेला.

मोठ्या नळीचा कॅमेरा बायकांच्या घाटाकडे रोखला गेल्यावर मेहुण्याला पळावं लागतं, तसा मी पळालो. "मावशी, पाखराचा फोटो काढायलेत, तुमचा नाही."

"कळलं की," मावशी म्हणाली. "पर ते भ्यालं न्हवं का. त्येच्याकडं असं डोळे फाडून बघितलं तर बसंल का ते?"

सगळ्या पक्षिशास्त्राचं सार तिनं पिळून दोरीवर टाकलं होतं. त्यानंतर मी जिथं जाईन तिथं हेच पाहू लागलो. गायबगळा म्हशीच्या तोंडाजवळ चालतो, कारण तिच्या खुरांनी उठणारे टोळ आयते मिळतात. कोतवाल तिच्या पाठीवर बसून सगळ्या माळाचा दौरा करतो. नांगर चालला की त्याच्या फाळामागं मैना, बगळे रांगेत. ट्रॅक्टर एवढा भडभडतो, त्यावर गाणी लागलेली असतात, तरी त्यामागे हीच रांग. ही सगळी माणसं, जनावरं, यंत्रं आपापल्या कामात असतात. पाखराशी त्यांना कर्तव्य नसतं. पाखरू घाबरतं ते एकाच प्राण्याला: जो काम सोडून, वाकून, हळूहळू, दबक्या पावलांनी, केवळ त्याच्यासाठी येतो. मांजर असंच येतं. ससाणाही टक लावतो. त्यांत आपले दाजी दोन डोळ्यांवर जेवणाच्या ताटाएवढा तिसरा डोळा लावून येतात. धोब्यानं उडून जाण्यात काही चुकलं असं मला वाटत नाही.

शिवाय आमच्या गावच्या पाखरांना याबाबतीत जुना अनुभव आहे. बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी, तेव्हाचं कल्याण. इथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं ११२९च्या सुमारास मानसोल्लास नावाचा ग्रंथ रचला. शंभर अध्याय. राज्य कसं करावं इथपासून ते काय जेवावं, कसं जेवावं, कोणत्या हत्तीवर बसावं, गाणं कोणतं ऐकावं इथपर्यंत सगळं त्यात आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात ही नोंदही आहे. आणि राजाच्या करमणुकीच्या यादीत पाखरांची मोठी भरती आहे. कोंबड्यांच्या झुंजी, लाव्यांच्या झुंजी, कबुतरांचा खेळ, आणि ससाणे शिकवून ते दुसऱ्या पाखरांवर सोडण्याची एक अख्खी विद्या. सोमेश्वराच्या माणसांनीही लाव्याकडे असंच कौतुकानं बघितलं असणार. लाव्याचा त्या कौतुकाबद्दलचा अभिप्राय ग्रंथात नाही.

पुढे आठशे वर्षांनी हा भाग हैदराबाद संस्थानात असताना सालिम अलींनी १९३१-३२ साली संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. पद्धतशीर, रानोमाळ हिंडून, पत्नी तहमीनाबाईंना बरोबर घेऊन. आज आपल्याला दख्खनच्या पाखरांबद्दल जे ठामपणे बोलता येतं, त्याचा पाया या पाहणीत आहे. पण त्या काळी पाहणी म्हणजे बंदूक. पक्षी पाडायचा, मोजमापं घ्यायची, कातडं भरून मुंबईला पाठवायचं. विज्ञानाला त्याची गरजच होती. पाखराच्या बाजूनं मात्र निष्कर्ष तोच निघतो: आपल्यात कुणी फार रस घेऊ लागलं की आपण तलावाच्या पलीकडे जावं. दाजी केवळ फोटो काढून निघून जाणार आहेत, हे पाखरांना कुणी आणि कोणत्या भाषेत समजावायचं?

दाजींना माझा हा सिद्धांत पटला नाही. त्यांच्या मते दोष जागेचा. "इथं माणसं फार. आपण अभयारण्यात जाऊ."

मग दुसऱ्या दिवशी हुमनाबादवरून चिंचोळी. कलबुर्गी जिल्ह्यातलं हे अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. सुमारे १३५ चौरस किलोमीटर रान, मध्ये चंद्रमपळ्ळीचा तलाव, कडेनं लमाण तांडे. आमच्या रखरखीत मुलखात अशी गर्द झाडी बघून डोळे निवतात. पण झाडी गर्द असण्याचा अर्थ पाखरं दिसत नाहीत असाही होतो. ती ऐकू येतात. चारी बाजूंनी, वर खाली, अगदी कानाजवळ. दाजी आवाजाच्या दिशेनं लेन्स फिरवत राहिले आणि दुपारपर्यंत त्यांच्याकडे सागाच्या पानांचा भरगच्च संग्रह झाला.

वाटेत एक वनरक्षक भेटले. त्यांनी दाजींचं जाकीट पाहिलं, गुडघ्यांच्या गाद्या पाहिल्या आणि शांतपणे सांगितलं, "साहेब, उतरू नका. गाडीतच बसा, काच खाली घ्या. गाडीला ती भीत नाहीत." म्हणजे पुन्हा मावशीचाच मुद्दा, फक्त गणवेशात.

गाडीच्या खिडकीत लेन्स टेकवायला वाळूची किंवा धान्याची पिशवी लागते. दाजी पुण्याहून रिकामी पिशवी आणतात, वजन नको म्हणून, आणि आमच्या कणगीतून भरतात. यंदा तिच्यात पाच किलो तूर गेली. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे एवढ्या प्रतिष्ठेच्या धान्यावर लेन्स टेकवणारे छायाचित्रकार फार नसतील. काच खाली, तूर खिडकीत, लेन्स तुरीवर. आणि खरंच, रस्त्याकडेच्या वठलेल्या फांदीवर नीलकंठ बसला. निळ्या रंगाच्या जितक्या छटा आहेत तितक्या अंगावर घेऊन बसला, खाली झेपावला, नाकतोडा आणला, फांदीवर आपटला, गिळला. इतक्या जवळ की नाकतोड्याचा एक पाय चोचीतून बाहेर राहिलेला मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. दाजींनी श्वास रोखला. बटण दाबणार, तेवढ्यात घरून फोन आला. "ती तूर कुठं नेली? रात्रीच्या वरणाला काय घालू?" गाडीत ब्लूटूथ लावलेलं होतं. नीलकंठाला गाडीची भीती नसते. गृहिणीच्या आवाजाची असते.

येळवशीच्या दिवशी दाजींना शेतावर नेलं, आणि तिथं त्यांना भोरड्या सापडल्या.

भोरडी, म्हणजे काहींच्या भाषेत पळसमैना. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंत वीण करते आणि हिवाळा आपल्याकडे काढते. चीनच्या शिनजियांगमध्ये ती टोळांचा फडशा पाडते म्हणून तिला दगडांची घरटी बांधून देतात. तिकडची ही सरकारी पाहुणी आमच्या ज्वारीवर उतरली की मात्र चोर ठरते. हजारांचा थवा कणसांवर बसतो आणि गुलाबी रंगाची पीकपाहणी सुरू होते. १९५६ साली जुना बीदर जिल्हा तोडून तीन राज्यांत वाटला, पण ते भोरड्यांना कळवायचं राहून गेलं. सकाळी हुमनाबाद, दुपारी निलंगा, संध्याकाळी जहिराबाद, असा त्यांचा अविभक्त कारभार अजून चालू आहे, आणि तिन्ही राज्यांत त्यांच्यावर गोफणीच फिरतात.

शेजारच्या शेतातले मामा मचाणावर उभे होते. हातात गोफण, पायाशी पत्र्याचा डबा. दाजी ज्वारीत दबून बसले. आता इथं दोघांच्या हिताचा पेच होता. दाजींना थवा बसलेला हवा, मामांना उठलेला. मामांनी गोफण फिरवली, दगड सणसणत गेला आणि सगळा थवा एकदम वर आला. आभाळात त्याची चादर झाली, चादरीचा दोर झाला, दोर वळला, उलटला, पुन्हा पसरला. त्या वळणात सगळे पंख एकदम काळे, पुढच्या क्षणी सगळी पोटं एकदम गुलाबी. दाजी उभे राहून आनंदानं ओरडले, "मामा! परत एकदा मारा!"

मामांनी गोफण खाली घेतली. "पाव्हणं, पाखरं ज्वारी खायलालेत, अन् तुम्ही त्येंचे फोटू काढलालाव. परत मारायचं तर ती परत बसायला पाह्यजेत. बसली तर खातील. मग माझ्या कणसांचं काय?"

दाजींनी विचार करून खिशात हात घातला. मामा हसले. "पैशाचं नाय वो. हातात हे धरा. मारा तुम्हीच."

दाजींनी आयुष्यात प्रथम गोफण धरली. पहिला दगड मागं गेला, दुसरा माझ्याकडे, तिसऱ्याच्या आधी मी खोपीत शिरलो. पण एक गोष्ट घडली. दाजी गोफणीशी झटत असताना, म्हणजे पाखरांकडे त्यांचं साफ दुर्लक्ष असताना, चार-पाच भोरड्या त्यांच्यापासून हातभर अंतरावर कणसावर येऊन बसल्या. निवांत खाऊ लागल्या. गुलाबी पोटावरचं पीस न् पीस दिसत होतं. कॅमेरा बांधावर होता आणि दाजींचे दोन्ही हात दोरीत अडकले होते.

दुपारी भज्जी आणि आंबील झाल्यावर दाजी लिंबाखाली झोपले. ट्रायपॉड शेताच्या मधोमध उघडाच उभा होता. आमच्या सपाट रानात उंच बसायला जागा कमी, त्यामुळे आधी त्यावर कोतवाल आला. तिथून हवेत झेपा घालून किडे टिपू लागला. मग त्याला हुसकावून खाटीक बसला. लिंबाखाली, दाजींच्या पायांपासून चार हातांवर, एक हुदहुद तुरा उघडमीट करत माती उकरत होता. एवढं संमेलन पाखरांसाठी नावाजलेल्या भिगवणलाही एका जागी भरत नसेल. मी दाजींना उठवलं नाही. जावयाला जेवणावरच्या झोपेतून उठवायची आमच्याकडे पद्धत नाही.

संध्याकाळी लॅपटॉप उघडला. दाजींच्या संग्रहातले बहुतेक पक्षी निघालेले असतात. शेपटी, पाठ, उचललेले पंख. एखाद्यानं जाता जाता मान वळवलेली असेल तर दाजी त्याला 'सुंदर' म्हणतात. त्यात उडालेल्या थव्याचे फोटो मात्र खरोखर देखणे होते, आणि त्यांचं श्रेय कुणाचं यावर दाजी नि मामांमध्ये थोडी चर्चा झाली. फोटो दाखवायला मामांना मुद्दाम बोलावलं होतं. दगड त्यांचा होता हे दाजींनी मान्य केलं.

मग दाजी भिगवणची गोष्ट सांगू लागले. उजनीच्या पाण्यावर रोहित येतात. तिथले मच्छीमार आता नावेतून लोकांना पाखरांपर्यंत नेतात, हिवाळ्यात सकाळी नावांची रांग लागते. "आणि त्या मोठ्या लेन्सा, मामा! सहाशे मिलिमीटरची एक लेन्स बारा-तेरा लाखांना आहे."

"बारा लाख?" मामांनी मनातल्या मनात काहीतरी भागलं. "दहा मुऱ्हा आल्या की तेवढ्यात. अन् दूध वेगळं."

"पण म्हशीनं फोटो निघत नाही ना."

"म्हशीच्या आडूनच निघतो," मी म्हटलं आणि धोबी, बगळा, कोतवाल, नांगर, मावशी असा सगळा सिद्धांत पुन्हा मांडला. या वेळी दाजी गप्प राहिले. हातभर अंतरावरच्या त्या भोरड्या त्यांच्या मनातून जात नव्हत्या. मामा मात्र चांगलेच सावरून बसले.

"मग असं करू," ते म्हणाले. "भिगवणवाल्यांकडं नाव हाय, आमच्याकडं म्हैस हाय. पुढच्या येळवशीला तुमचे पुण्याचे मैतर आणा. म्हशीच्या आडून फोटू काढायचे तर तासाला दोनशे. नांगरामागं चालायचं तर तीनशे, पर नांगर त्येंनीच हाकायचा. मचाणावर जेवणासकट पाचशे, गोफण आमची, दगड मोजून घेणार." दाजींनी मोबाईलमध्ये लिहून घ्यायला सुरुवात केली. "अन् त्या तळ्यावरच्या धोब्याचा पाह्यजे असला, तर मावशीला विचारावं लागतंय. ती पैसे घ्यायची नाही. पर तुम्हाला अख्ख्या घराचं धुणं धुवावं लागंल, जाकीट काढून."